त्वचेची लिपी : सूक्ष्मदर्शकाखालील आकृतिबंध

(ग्रंथालयाच्या शतकमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



त्वचेच्या विकारांना मराठी भाषेने दिलेली नावे मोठी चित्रमय आहेत. अंगाला वेटोळे घालीत पुढे सरकणाऱ्या फोडांच्या पट्ट्याला लोकांनी 'नागीण' म्हटले. कडा उचललेल्या, पसरत जाणाऱ्या चट्ट्यात त्यांना हत्तीचा कान दिसला आणि 'गजकर्ण' हा शब्द रूढ झाला. इसब, नायटा, खरूज, शिबे, कोड ही सारी नावे पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणातून आलेली आहेत. आकार पाहावा, तो ओळखीच्या दुसऱ्या आकाराशी ताडून पाहावा आणि मग नाव द्यावे, ही रीत अशिक्षित म्हणून हिणवण्याजोगी मुळीच नाही. आधुनिक वैद्यकातील एक अत्यंत प्रगत शाखा आजही याच रीतीने चालते. फरक इतकाच की, तेथे पाहणारा डोळा सूक्ष्मदर्शकाच्या भिंगामागे असतो.

परंतु उघड्या डोळ्यांनी केलेल्या या नामकरणाला एक मर्यादा होती आणि तिची किंमत अनेकांना मोजावी लागली. 'कोड' हा शब्द 'कुष्ठ' या संस्कृत शब्दापासूनच आलेला आहे. अंगावर पांढरा डाग उठला की एकाच शब्दाच्या सावलीत दोन निराळे विकार उभे राहत. एकात त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नाहीशा होतात. तो विकार संसर्गजन्य नाही, त्यात संवेदना जात नाही, हातपाय वाकडे होत नाहीत. दुसऱ्यात एक जंतू त्वचेच्या आणि मज्जातंतूंच्या आश्रयाला येऊन राहतो. शब्द एक झाला म्हणून दोघांच्याही वाट्याला समाजाचा बहिष्कार आला. हा भेद निःसंदिग्धपणे दाखवणारे साधन गेल्या पावणेदोनशे वर्षांत सिद्ध झाले. त्या साधनाची, म्हणजे शोथजन्य त्वचाविकारांतील सूक्ष्म ऊतिरचना वाचण्याच्या पद्धतीची ओळख करून देणे हा या व्याख्यानाचा हेतू आहे.

प्रथम वाचायचे पान कसे तयार होते ते पाहू. चट्ट्याची जागा बधिर करून तेथून सामान्यतः तीन ते चार मिलिमीटर रुंदीचा त्वचेचा लहानसा तुकडा काढला जातो. तो कुजू नये म्हणून फॉर्मालिनच्या द्रावणात ठेवतात. नंतर त्यातील पाणी काढून तो मेणात बसवतात आणि त्याचे चार-पाच मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागाइतके पातळ काप काढतात. हे काप रंगहीन असतात. त्यांना दोन रंग दिले जातात. पहिला हिमॅटॉक्सिलिन हा मध्य अमेरिकेतील एका वृक्षाच्या लाकडापासून मिळतो आणि पेशींची केंद्रके निळसर-जांभळी करतो. दुसरा इओसिन, त्याचे नाव ग्रीकांच्या उषादेवीवरून आले आहे आणि तो उरलेल्या भागावर पहाटेची गुलाबी छटा चढवतो. या दोन रंगांत त्वचेचा उभा छेद काचपट्टीवर उतरतो.

निरोगी त्वचेचे चित्र साधे असते. वर बाह्यत्वचा असते. ती शरीराच्या बहुतेक भागांवर मिलिमीटरच्या एक-दशांशाएवढी, एकमेकींना घट्ट धरून बसलेल्या पेशींच्या थरांची. तळच्या थरात नव्या पेशी जन्मतात, हळूहळू वर सरकतात, आपले केंद्रक गमावतात आणि शेवटी निर्जीव, शिंगासारख्या कठीण पापुद्र्याच्या रूपाने गळून पडतात. बाह्यत्वचेचा तळ सपाट नसतो. तिच्या बोटांसारख्या मुळ्या खाली अंतस्त्वचेत उतरलेल्या असतात. अंतस्त्वचेत तंतू, रक्तवाहिन्यांची एक उथळ व एक खोल जाळी, मज्जातंतू, केसांची मुळे आणि घामाच्या ग्रंथी असतात. त्याखाली चरबीचा थर. शोथ म्हणजे या वस्तीत बाहेरून आलेल्या संरक्षक पेशींची गर्दी. ती गर्दी कोठे जमली, कोणत्या पेशींची आहे आणि तिने मूळ रचनेत काय उलथापालथ केली, या तीन प्रश्नांच्या उत्तरांतून निदान उभे राहते.

हे उत्तर शोधण्याची शिस्त एका दिवसात आली नाही. त्वचारोगांचा सूक्ष्मदर्शकाच्या आधारे पद्धतशीर विचार करणारा ग्रंथ गुस्ताव सीमोन यांनी १८४८ मध्ये बर्लिनमध्ये प्रसिद्ध केला. रोगाचे मूळ पेशीत शोधावे हा रुडॉल्फ फिर्खो यांचा सिद्धान्त १८५८ मध्ये ग्रंथरूपाने आला. हॅम्बुर्गच्या पॉल उन्ना यांनी १८९४ मध्ये त्वचारोगांच्या ऊतिविकृतीवर प्रचंड ग्रंथ लिहिला. विसाव्या शतकात वॉल्टर लीव्हर यांचे १९४९ चे पाठ्यपुस्तक अनेक पिढ्यांच्या हाती राहिले. या ग्रंथपरंपरेत ज्ञान भरपूर होते; पण त्याची मांडणी रोगांच्या नावांनुसार होती. शब्दकोशात शब्द पाहायचा तर त्याचे लेखन आधी ठाऊक असावे लागते, तसाच हा प्रकार झाला. रोगाचे नाव माहीत असेल तर त्याची लक्षणे सापडत. समोर अनोळखी काचपट्टी आली तर पान कोणते उघडायचे, हा प्रश्न मात्र शिल्लक राही.

या अडचणीवर व्यवस्थित तोड काढली ती अमेरिकेतील ए. बर्नार्ड ॲकरमन (१९३६–२००८) यांनी. शोथजन्य त्वचाविकारांच्या निदानावरील त्यांचा ग्रंथ १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील मुख्य सूत्र अगदी साधे होते : काचपट्टी प्रथम कमीत कमी विशालनाखाली पाहावी. एकेका पेशीच्या मागे लागण्यापूर्वी साऱ्या छेदाचा आकृतिबंध डोळ्यांत भरून घ्यावा. त्यांनी असे नऊ मूलभूत आकृतिबंध सांगितले. गर्दी केवळ उथळ रक्तवाहिन्यांभोवती असेल तर पहिला. उथळ आणि खोल अशा दोन्ही जाळ्यांभोवती असेल तर दुसरा. रक्तवाहिन्यांच्या भिंतीच शोथग्रस्त असतील तर तिसरा. गाठी किंवा सलग पसरलेली गर्दी हा चौथा. बाह्यत्वचेच्या आत फोड हा पाचवा, तिच्याखाली फोड हा सहावा. केसांच्या मुळांचा शोथ सातवा, तंतू वाढून त्वचा घट्ट होणे आठवा आणि चरबीच्या थराचा शोथ नववा. यातील प्रत्येकाच्या पुढे उपप्रकारांच्या फांद्या फुटतात आणि एकेक प्रश्न विचारीत वाचक रोगाच्या नावापर्यंत पोहोचतो.

जुनी मोडी कागदपत्रे वाचणाऱ्यांना ही रीत परकी वाटणार नाही. मोडीत अक्षरे एकमेकांना जोडलेली असतात, ऱ्हस्वदीर्घाचा भेद सामान्यतः पाळलेला नसतो. अशा कागदावर एकेका अक्षराशी झुंजत बसलेला नवशिक्या लवकर थकतो. जाणकार आधी कागदाचे स्वरूप पाहतो : हे पत्र आहे, हिशेब आहे की निवाडा आहे? मायना कोठे संपला, मजकूर कोठे सुरू झाला? एवढे उमगले की अडलेले अक्षर संदर्भाने सुटते. ॲकरमन यांनी काचपट्टीच्या बाबतीत नेमका हाच क्रम सांगितला.

आता काही आकृतिबंध जवळून पाहू. इसबात बाह्यत्वचेच्या पेशींमध्ये द्रव साठतो. पेशी एकमेकींपासून दूर ओढल्या जातात, त्यांना जोडणारे बारीक पूल ताणलेले दिसतात आणि सारा थर पाणी प्यालेल्या स्पंजासारखा होतो. द्रव वाढला की लहान फोड तयार होतात; अंगावरचा ओलावा आणि पाझर त्यातूनच येतो. हाच विकार महिनोन्‌महिने टिकला आणि खाज सुटून रुग्ण खाजवीत राहिला, तर द्रव ओसरतो, बाह्यत्वचा जाड होते आणि स्पंजाची खूण पुसट होत जाते. म्हणजे काचपट्टीवर दिसते ते एका लांबलचक कथेतील एकच पान असते. ते पान आरंभाचे, मधले की शेवटचे, याचे भान वाचकाला ठेवावे लागते.

सोरायसिसचे चित्र वेगळे आणि कमालीचे प्रमाणबद्ध. बाह्यत्वचेच्या मुळ्या सारख्याच लांबीने खाली उतरलेल्या असतात. त्यांच्या मधल्या उंचवट्यांत वाकड्यातिकड्या, फुगलेल्या केशवाहिन्या वरपर्यंत आलेल्या असतात आणि त्यांच्या माथ्यावरचे बाह्यत्वचेचे छप्पर अगदी पातळ झालेले असते. निरोगी त्वचेत तळच्या पेशीला वर येऊन गळून पडायला साधारण चार आठवडे लागतात. सोरायसिसमध्ये हा प्रवास अवघ्या काही दिवसांत उरकतो. पेशींना केंद्रक टाकायलाही सवड मिळत नाही. म्हणून वरच्या मृत पापुद्र्यात केंद्रके तशीच अडकलेली दिसतात. या पापुद्र्यात श्वेतपेशींचे सूक्ष्म पुंजकेही सापडतात. सोरायसिसचा चंदेरी खवला खरवडला की खाली रक्ताचे टाचणीच्या टोकाएवढे थेंब उमटतात, ही खूण वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. तिचे कारण त्या पातळ छपरात आणि त्याखालच्या फुगलेल्या केशवाहिन्यांत आहे. डोळ्यांना दिसणारी खूण आणि भिंगाखालचा आकृतिबंध यांची अशी गाठ पडली म्हणजे निदान पक्के होते.

१८६९ मध्ये इरॅस्मस विल्सन यांनी वर्णिलेला लायकेन प्लेनस हा विकार तिसऱ्या तऱ्हेचा. येथे लसीकापेशींचा जाड पट्टा बाह्यत्वचेच्या तळाला बिलगून बसतो. तळचा थर कुरतडला जातो, मुळ्यांची टोके करवतीच्या दात्यांसारखी टोकदार होतात आणि मरून गेलेल्या पेशी गुलाबी गोळ्यांच्या रूपाने मागे राहतात. तळच्या थरातील रंगद्रव्य खाली अंतस्त्वचेत सांडते. सावळ्या त्वचेवर हा विकार बरा झाल्यानंतरही काळे डाग महिनोन्‌महिने का राहतात, याचे उत्तर या सांडलेल्या रंगात मिळते. त्या रुग्णाला रोग वाढत नसल्याचा दिलासा देता येतो, तो याच माहितीच्या आधारे.

आकृतिबंध वाचण्याने रुग्णाचे भवितव्य कसे बदलते याचा सर्वांत लख्ख दाखला फोडांच्या विकारांत सापडतो. वयस्क माणसाच्या अंगावर मोठमोठे फोड उठले की पूर्वी त्या साऱ्यांना 'पेम्फिगस' या एकाच नावाखाली घालीत. स्टेरॉइड औषधे येण्यापूर्वी पेम्फिगस बहुधा प्राणघातक ठरे. मात्र त्याच नावाचे काही रुग्ण वर्षानुवर्षे जगत. हे कोडे १९५३ मध्ये वॉल्टर लीव्हर यांनी सोडवले. खऱ्या पेम्फिगसमध्ये फोड बाह्यत्वचेच्या आत पडतो. पेशींची एकमेकींवरील पकड सुटते, वरचा भाग उचलला जातो आणि तळच्या पेशींची एक रांग जमिनीला चिकटून कबरस्तानातील शिळांसारखी उभी राहते. दुसऱ्या गटात संपूर्ण बाह्यत्वचा जशीच्या तशी उचलली गेलेली असते आणि फोड तिच्या खाली असतो. फोडाचा मजला बदलला की रोग बदलला. या दुसऱ्या गटाला 'बुलस पेम्फिगॉइड' हे स्वतंत्र नाव मिळाले. पुढे १९६४ मध्ये बॉयटनर आणि जॉर्डन यांनी पेम्फिगसच्या रुग्णांच्या रक्तात पेशींमधील पकडीवर हल्ला करणारी प्रतिपिंडे दाखवली. १९६७ मध्ये पेम्फिगॉइडमधील प्रतिपिंडे बाह्यत्वचेच्या पायाशी सापडली. डोळ्यांनी आकारावरून केलेला भेद रसायनाने अकरा-चौदा वर्षांनी मान्य केला. एक सावधगिरी मात्र येथेही आहे. फोड जुना झाला की त्याच्या तळाशी नवी बाह्यत्वचा उगवू लागते आणि खालचा फोड आतला भासतो. म्हणून तुकडा ताज्या फोडाच्या कडेचा घ्यावा लागतो. चुकीच्या जागेचे पान हाती आले तर उत्तम वाचकही फसतो.

आता कुष्ठाकडे वळू. १८७३ मध्ये नॉर्वेतील बर्गन येथे हॅन्सन यांना या रोगाचा जंतू दिसला. जंतू एक, पण त्वचेतील चित्रे दोन टोकांची. शरीराचा प्रतिकार जोरदार असेल तेथे महाभक्षी पेशी एकत्र येऊन लांबट गाठी रचतात, त्यांच्याभोवती लसीकापेशींचे कडे असते आणि या गाठी मज्जातंतूंच्या मार्गाने पसरतात. जंतू शोधूनही क्वचितच सापडतो. प्रतिकार ढासळलेला असेल तेथे बाह्यत्वचेखाली एक मोकळी पट्टी सुटते आणि तिच्याखाली फेसाळ दिसणाऱ्या महाभक्षी पेशी पसरतात. त्या जंतूंनी खच्चून भरलेल्या असतात. या पेशींना आजही फिर्खोंचे नाव दिले जाते. या दोन टोकांमधील साऱ्या पायऱ्या रिड्ली आणि जॉपलिंग यांनी १९६६ मध्ये पाच गटांत मांडल्या. त्यांतील एक विकृतिवैज्ञानिक आणि दुसरे रुग्ण तपासणारे वैद्य होते, हा योगायोग समजू नये. एकाच्या काचपट्टीला दुसऱ्याच्या रुग्णाची जोड मिळाली म्हणूनच ती मांडणी टिकली.

या अभ्यासात एका मराठी नावाचा आदराने उल्लेख केला पाहिजे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांनी कर्करोगावरील कामाबरोबरच कुष्ठाच्या अगदी प्रारंभीच्या चट्ट्यांची ऊतिरचना आणि मज्जातंतूंतील बदल चिकाटीने अभ्यासले. पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषवणारे खानोलकर भारतीय विकृतिविज्ञानाच्या आद्य उभारणीकर्त्यांपैकी एक होत.

प्रारंभीचा चट्टा हीच सर्वांत कठीण परीक्षा. क्षयाच्या त्वचाविकारात किंवा सार्कॉइड विकारातही गाठी दिसतात. परंतु तेथे मज्जातंतू सहसा वाचतो. गाठीने मज्जातंतूलाच वेढले असेल, त्याच्या आत शिरकाव केला असेल, तर निर्णय कुष्ठाच्या बाजूने झुकतो. अगदी आरंभी मात्र गाठही नसते. एखाद्या बारीक मज्जातंतूभोवती चार-दोन लसीकापेशी जमलेल्या असतात. तुकड्याचे एकामागून एक काप पाहावे लागतात, जंतूसाठी खास रंग द्यावे लागतात. चुकून 'कुष्ठ' लिहिले तर एका कुटुंबावर नसलेला कलंक येतो. चुकून 'नाही' लिहिले तर उपचाराची वेळ निघून जाते, हाताची संवेदना जाते, बोटे वाकडी होतात. अशा वेळी 'सुसंगत, पण निर्णायक नाही' असे लिहून रुग्णाला पुन्हा बोलावण्यास सांगणारा विकृतिवैज्ञानिक आपले काम चोख बजावीत असतो.

या शब्दाचे वजन काय होते ते कायद्याच्या पुस्तकातही दिसते. कुष्ठरुग्णांना वेगळे कोंडण्याची तरतूद करणारा १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणाऱ्या तरतुदी वेगवेगळ्या व्यक्तिगत कायद्यांतून काढल्या गेल्या त्या २०१९ मध्ये. बहुविध औषधोपचाराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने १९८१ मध्येच केली होती आणि सहा किंवा बारा महिन्यांच्या औषधांनी रोग बरा होऊ लागला होता. काचपट्टीवरचे सत्य कायद्यापर्यंत पोहोचायला इतकी वर्षे लागली. दरवर्षी जगात सापडणाऱ्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात असतात. त्यामुळे हे वाचन इतिहासजमा झालेले नाही.

आकृतिबंधाची शक्ती सांगितल्यावर त्याची मर्यादाही सांगणे उचित ठरेल. १९५० च्या दशकात पुण्याच्या परिसरात प्रथम नोंदले गेलेले गाजरगवत, ज्याला शेतकरी 'काँग्रेस गवत' म्हणतात, थोड्याच काळात दूरवर पसरले. त्याच्या संसर्गाने चेहरा, मान आणि कोपरांचे खळगे यांवर तीव्र इसब उठते. त्या इसबाची काचपट्टी आणि टिकलीच्या चिकट पदार्थाने किंवा कानातल्या निकेलच्या दागिन्याने उठलेल्या इसबाची काचपट्टी यांत भेद करता येत नाही. तिन्हीकडे तोच स्पंज. गवत भिंगाखाली दिसत नाही. ते रुग्णाच्या शेताच्या बांधावर असते. ते जाणून घ्यायचे तर माणसाशी बोलावे लागते. गजकर्णाचेही तसेच. बुरशी वरच्या मृत पापुद्र्यात लपलेली असते आणि साध्या रंगात सहज नजरेतून सुटते. खालचे चित्र इसबासारखे दिसते म्हणून स्टेरॉइडचे मलम दिले, तर बुरशीला मोकळे रान मिळते आणि चट्टा फोफावतो. संशय आला तरच खास रंग दिला जातो. आणि संशय यायला रुग्णाची हकीकत ठाऊक असावी लागते.

म्हणूनच चांगला विकृतिवैज्ञानिक तुकड्यासोबत आलेला कागद बारकाईने वाचतो : वय, व्यवसाय, चट्टा किती दिवसांचा, कोठे, आधी कोणते औषध लावले. तो कागद कोरा आला तर काचपट्टी अर्धी मुकी होते. आज संपूर्ण काचपट्टी चित्ररूपाने संगणकावर उतरवता येते आणि आकार ओळखण्याचे काम यंत्रांनाही शिकवले जात आहे. परंतु कागदावरचे ते चार शब्द कोणीतरी रुग्णाजवळ बसून विचारल्याशिवाय उमटत नाहीत.

आपल्या पूर्वजांनी नागीण, गजकर्ण ही नावे दिली तेव्हा त्यांच्यापाशी डोळा होता, भिंग नव्हते. आता भिंग आले आहे आणि त्याबरोबर एक जबाबदारीही. शंभर वर्षे पुस्तके जपणाऱ्या या ग्रंथालयाच्या सभासदांकडून एवढीच अपेक्षा धरता येईल की, अंगावरचा पांढरा डाग पाहून तोंडातून नाव निघण्यापूर्वी त्यांनी थोडे थांबावे, संवेदना तपासून घेण्यास आणि वैद्याकडे जाण्यास त्या माणसाला सांगावे, आणि तोवर त्याच्या पंक्तीला बसावे. नाव देण्याचा अधिकार नीट वाचणाऱ्याचा असतो.